गौरी-गणपती उरकून कोरियाला

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले, की ह्यांच्या नोकरीपायी आम्ही नऊ वर्षं दक्षिण कोरियात, सुवॉनला, काढली. त्यावर चार पत्रं आली. चारही घरचं माणूस तिकडे भेटायला जाण्याबद्दलची. एक तिथून आलंय, दोन इथून, आणि चौथं अशा मुलाचं आहे ज्याच्याकडे अख्खं डोंबिवली उतरणार आहे. म्हणून या महिन्याचं सदर त्यांना. बाकीच्यांनी रागावू नये, भाडेकरू आणि भाऊबंदकी पुढच्या अंकात.

प्रश्न : मी आणि नवरा दोन वर्षांपासून सुवॉनला आहोत. गौरी-गणपती उरकून सासू-सासरे गिरगावातून दोन महिन्यांसाठी येणार आहेत. सासरे ७१ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त, घरात एक तास स्वस्थ बसत नाहीत. सासूबाई पाचला उठतात. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो ते संध्याकाळी सात-साडेसातला परत. दोन खोल्यांचं घर. भाषा येत नाही, पाटी वाचता येत नाही, शेजारी बोलत नाहीत. दिवसभर ही दोन माणसं करतील काय? मी शनिवार-रविवारच्या सहलींचा तक्ता केलाय, पण मधल्या पाच दिवसांचं काही सुचत नाही.
— एक धास्तावलेली सून, सुवॉन

उत्तर : अगं, तो तक्ता आधी बाजूला ठेव. नामी बेट झालं, १२३ मजल्यांचा लोट्टे टॉवर झाला, राजवाडा झाला, की दोन रविवारांत सहली संपतात. खरा प्रश्न तू नेमका ओळखलायस: मंगळवारी सकाळी अकरा वाजता काय?

माझे वडील, अप्पा, आले होते तेव्हाची गोष्ट सांगते. पार्ल्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. तिकडे दाराला किल्ली नसते, आकड्यांचं कुलूप असतं, हे तुला माहीतच आहे. मी आकडा चिठ्ठीवर लिहून त्यांच्या खिशात घातला आणि निर्धास्त कामाला गेले. अप्पा चक्कर मारून परत आले, दारापुढे उभे राहिले, चष्मा लावला, चिठ्ठी काढली. आणि दारावर आकडेच नव्हते! नुसती काळी गुळगुळीत काच. तळहात टेकवला की आकडे उजळतात, हे माझ्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की सांगायचं सुचलंच नाही. शेजारची बेल वाजवावी तर बोलणार काय? जिना उतरून ते खाली गेले. मी साडेसहाला आले तर वॉचमनच्या केबिनमध्ये, हीटरपाशी, अप्पा वर्तमानपत्र पसरून भाजलेलं रताळं सोलत बसलेले. मी "अप्पा!" म्हणून जवळजवळ ओरडलेच, तर वॉचमन हसायला लागला. कोरियन मुलंही बाबांना आप्पाच म्हणतात ना!

हसून गोड झालं सगळं, पण त्यानंतर दोन दिवस अप्पा घराबाहेर पडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते लाजले होते. इथे बँक, वीजबिल, सोसायटीची मीटिंग, सगळं एकहाती करणारा माणूस तिथे स्वतःच्या लेकीचं दार उघडू शकला नाही.

तुझ्या सासऱ्यांचं हेच होणार आहे, हे धरून चाल. ज्यांनी आयुष्यभर मुंबईच्या बसचा मार्ग नंबरावरून सांगितला, त्यांना तिथे बसची पाटी वाचता येणार नाही. तेव्हा आल्यावर दुसऱ्याच दिवशी कुलपाची तालीम घे. तू आत, ते बाहेर, आणि तू दार उघडायचं नाहीस. दहा वेळा. सासूबाईंचीही वेगळी घे, "हे आहेत ना बरोबर" यावर सोडू नकोस. मजल्याचंही सांग: तिथे तळमजला नसतोच, आपला तळमजला म्हणजे त्यांचा पहिला. लिफ्टमध्ये चाराच्या जागी बरेचदा इंग्रजी एफ असतो. गिरगावच्या हिशोबाने मजला मोजला तर माणूस परक्याच्या दाराशी उभा राहून आकडे दाबत बसतो, आणि चार-पाचदा चुकलं की ते कुलूप बोंबलायला लागतं.

खालच्या वॉचमनला, तुम्ही क्यॉन्बी आजॉश्शी म्हणता त्यांना, दोघांना घेऊन जाऊन भेटव. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, चिवड्याचं पाकीट दोन्ही हातांनी दे आणि सासऱ्यांनाही दोन्ही हातांनीच द्यायला सांग. त्या एका पाकिटाचा मला नऊ वर्षं उपयोग झाला.

आता अकरा वाजताचं. त्यांना काम दे. "आई-बाबा, तुम्ही फक्त आराम करा" हे वाक्य दोन महिने तोंडातून काढू नकोस. दोन दिवस गोड लागतं, तिसऱ्या दिवशी ते त्यांना 'तुमचा इथे उपयोग नाही' असं ऐकू येतं.

सासऱ्यांना कचरा दे. हसू नकोस, बेस्टमधल्या माणसाला शोभेल असं शिस्तीचं खातं आहे ते. १९९५पासून तिथे कचऱ्याची पिशवी विकत घ्यावी लागते, ती त्या त्या शहराची वेगळी असते, सुवॉनची पिशवी सोलमध्ये चालत नाही. उष्टं-खरकटं निराळं, प्लॅस्टिक निराळं, बाटलीवरचा कागद सोलून निराळा. खरकट्यातही पोटभेद आहेत: कलिंगडाची साल ओल्यात जाते, पण कांद्या-लसणाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, चहाचा चोथा हे सगळं सुक्यात. ढोबळ खूण अशी की जे जनावर खाऊ शकतं तेच ओलं. मराठीत मोठ्या अक्षरात तक्ता करून फ्रिजवर लाव. अप्पांना हे खातं दिल्यावर आठ दिवसांत ते मलाच ओरडायला लागले, "चहाचा चोथा इकडे कोणी टाकला?" तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. माणूस घरात रुळला.

सासूबाईंना बाजार दे. पालदालमुन वेशीपाशी जे जुने बाजार आहेत तिथे पहिल्यांदा तू घेऊन जा, दुसऱ्यांदा मागे मागे चाल, तिसऱ्यांदा जाऊ दे दोघांना. बसचं टी-मनी कार्ड दोघांचं वेगळं काढ, त्यात पैसे भर, आणि उतरतानाही टेकवायचं हे घोकून घे. (सासऱ्यांना ज्येष्ठांची सवलत विचारायची हुक्की येईलच. १९८४पासून ६५ वर्षांवरच्यांना मेट्रो फुकट आहे, पण ती तिथल्यांना, आपल्यासारख्या पाहुण्यांना नाही. डब्याच्या टोकाच्या राखीव सीटवर मात्र दोघांनी बिनधास्त बसावं, ती म्हाताऱ्या माणसांसाठीच असते.)

बाजारात भाषा लागत नाही, हे मला माझ्या सासूने शिकवलं. मूळच्या मालवणच्या त्या. पहिल्या फेरीत मासळीच्या टोपल्यांपुढे थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली बळा!" चंदेरी पट्ट्यासारखी लांब मासळी, तिथे कल्छी म्हणतात. पुढे पापलेटासारखं प्यॉन्गऑ. मग मिठातली बारीक कोलंबी, सेऊजॉत, आपल्या कोळमाची सख्खी बहीण. त्या दिवसापर्यंत त्या "तुमचा देश" म्हणत होत्या. बळा दिसल्यावर म्हणाल्या, "बरं आहे हो हे गाव." फुटपाथवर सोललेला लसूण विकणाऱ्या एका आजीशी त्यांनी बोटांनी भाव केला, आणि पैसे दिल्यावर पिशवीचं तोंड उघडंच धरून उभ्या राहिल्या, जशा दादरला भाजीवालीपुढे राहायच्या. आजीने मूठभर लसूण वर टाकला. वर घालण्याला तिथे 'दॉम' असा शब्दच आहे, आणि शब्द न कळता त्यांनी तो वसूल केला होता. आणखी एक: खाणावळीत वाढणाऱ्या बाईला तिथे 'इमो' हाक मारतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. सासूबाईंना हे पहिल्या दिवशी सांग. अर्धं परकेपण तिथेच गळतं.

पाचला उठण्याचं मात्र स्पष्ट बोल, आणि ते नवऱ्याला बोलायला लाव. खालच्या घरात आवाज जाणं ही तिकडे साधी कुरकूर नसते, त्यावरून भांडणं ठाण्यापर्यंत जातात. सकाळी आठच्या आत मिक्सर नाही, खलबत्ता तर दिवसाही नाही, पाट सरकवायचा नाही, टाच आपटत चालायचं नाही. चटणी रात्री आठच्या आत वाटून ठेवावी. हे सुनेच्या तोंडून गेलं तर तो तुझा नियम ठरतो, मुलाच्या तोंडून गेलं तर इमारतीचा.

थोडक्यात काही: वॉशिंग मशीन, बॉयलर आणि भिंतीवरची बटणं यांवर मराठी चिठ्ठ्या चिकटव. राइस कुकर कोरियनमध्ये बोलतो आणि दुपारी भिंतीतल्या भोंग्यातून सोसायटीची बाई पाण्याबद्दल सूचना देते, हे आधी सांगून ठेव, नाहीतर सासूबाई घाबरतील. न्हाणीघरात बादली आणि मग ठेव, डाइसोच्या दुकानात स्वस्तात मिळतात. यावर कोणी पत्रात लिहीत नाही, पण सगळ्यांचं खरं दुःख हेच असतं. झोपायला पलंग नाही म्हणून कानकोंडी होऊ नकोस. जमीन खालून ऊबदार असते, त्यावर गादी घाल. माझ्या सासूची कंबर त्या ओंदोलवर जितकी सुखावली तितकी पार्ल्याच्या पलंगावर नाही. नोव्हेंबर उजाडला की मुंबईचा स्वेटर पुरत नाही, जाड कोट तिथेच घ्या. आणि प्रवासाचा विमा इथूनच काढून यायला सांग. तुमचा तिथला आरोग्य विमा पाहुण्यांना लागू नाही. अँब्युलन्सला ११९, हा आकडाही फ्रिजवर.

छुसॉकच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सणाच्या, सुट्टीत आगगाडीची तिकिटं मिळणार नाहीत, तेव्हा नवऱ्याने गावातच आईवडिलांना ह्वासॉंग किल्ला दाखवावा. १७९४ ते १७९६ या दोन-अडीच वर्षांत बांधलेला, पावणेसहा किलोमीटरचा तट, १९९७पासून जागतिक वारशाच्या यादीत. राजा चॉंगजोने वडिलांची समाधी त्या भागात हलवली, त्यापायी हे शहर वसलं, आणि १७९५ साली आईच्या साठीचा सोहळा त्याने इथेच आणून केला, ही गोष्ट तटावर चालता चालता सांगावी. सासरे रायगडाशी तुलना करतील आणि रायगडच जिंकेल. जिंकू द्या.

छुसॉक म्हणजे आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा: बहुतेक वर्षी आपली भाद्रपद पौर्णिमा, क्वचित कोजागिरी. म्हणजे आपला पितृपक्ष लागतो तेव्हाच तेही पितरांना पान वाढतात. तांदळाच्या उकडीचे, आत तीळ-साखर भरलेले सोंगप्यॉन पाइनच्या हिरव्या सुयांवर उकडतात, आपण हळदीच्या पानावर ठेवतो तसेच. सासूबाईंना शेजारणीकडे ते करताना बघायला मिळालं तर तुझा तक्ता त्या फाडून टाकतील.

प्रश्न : मुलगी देजॉनला पीएच.डी.नंतरचं संशोधन करते. डिसेंबरात तिचं बाळंतपण आहे, मी तीन महिन्यांसाठी जाणार आहे. गोडा मसाला, डिंक, हळीव, खसखस, साजूक तूप, खोकल्याचं औषध अशी बॅग भरायला घेतली आहे. जावई म्हणतात इथे सगळं मिळतं, काही आणू नका. काय नेऊ, काय नको?
— होऊ घातलेली आजी, दहिसर

उत्तर : आजीबाई, आधी खसखस बाहेर काढा. पुडीतली तर काढाच, मसाल्यातलीही. कोरियात खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. खसखस लावलेला पावावरचा अमेरिकन मसाला विमानतळावर काढून घेतल्याच्या बातम्याही आल्या होत्या. आपल्या गोड्या मसाल्यात, मालवणी मसाल्यात, अनारशांवर, सगळीकडे ती असते आणि आपल्या ध्यानातही नसतं. लालबागच्या मिरची गल्लीत मसाला करून घेत असाल तर समोर उभं राहून 'खसखस नको' म्हणून सांगा, आणि तयार पाकिटावर लिहिलेलं वाचून घ्या. चवीत फरक पडेल. पडू द्या.

खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर तेही नको. तुमची रोजची रक्तदाबाची वगैरे औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवा; डबीत सुट्या गोळ्या भरू नका. ताजी फळं, मांसाचे पदार्थ, दुधाचे पदार्थ यांवर तिथे कडक तपासणी आहे. तूप नेऊ नका, तिथे लोणी उत्तम मिळतं, घरी कढवा. लेकीच्या घराला तो वास तसाही हवा असेल. हळीव हे शेवटी बी आहे, आणि बी म्हटलं की रोपांच्या तपासणीवाले विचारतात. न्यायचंच असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि काढून घेतलं तर वाद घालू नका. डिंक, सुंठ, ओवा, आमसुलं यांनी मला कधी त्रास दिला नाही.

आता जावयांचं. त्यांचं 'सगळं मिळतं' अर्धं खरं आहे. डाळी, मसाले, बासमती सोलच्या इतेवॉनला किंवा आन्सानला मिळतात, आणि हल्ली घरपोचही येतात. पण मला वाटतं, त्यांना म्हणायचं आहे ते वेगळंच. तिथे बाळंतिणींसाठी खास निवास असतात, सान्हूजोरीवॉन. इस्पितळातून सुटल्यावर बाई बाळासकट दोन आठवडे तिथे राहते, खाणं-पिणं, बाळाचं बघणं सगळं त्यांच्याकडे. तरुण जोडप्यांना त्याची सवय झालीये, आणि पुष्कळ ठिकाणी बाहेरच्यांना, अगदी आजीलाही, आत जाता येत नाही. लेकीने तिथे नाव घातलंय का, हे तिकीट काढायच्या आधी विचारा. घातलं असेल तर तुम्ही ती दोन आठवडे परदेशात एकट्या बसणार, तेही डिसेंबरच्या थंडीत. मग तिची परत यायची तारीख बघून पोचा. यात अपमान मानायचं काही नाही, पण मी तुमच्या जागी असते तर मानला असता, हेही कबूल करते.

तिथल्या बाळंतिणीला समुद्री शेवाळ्याचं सूप देतात, म्यॉक्कुक. दिवसातून तीनदा, आठवडेच्या आठवडे. लेक ते पीत असेल तर नाक मुरडू नका. बाळंतिणीला गार पाणी नको, वारा नको, पाय झाकून ठेव, ही त्यांच्या आज्यांची वाक्यं ऐकाल तर दहिसरलाच बसल्यासारखं वाटेल. शेकशेगडी मात्र लावू नका, छतावरचा धुराचा भोंगा वाजेल. जमीन आयतीच गरम असते.

व्हिसाचं एक. अल्प मुदतीचा व्हिसा एका खेपेला जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो, आणि तीन महिने म्हणजे दर वेळी ९० दिवस नव्हेत. डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीचे नेमके ९० भरतात, लीप वर्षी ९१, तेव्हा तारखा मोजून बघा. लेकीचं निमंत्रणपत्र आणि नात्याचा पुरावा लागतो, आणि इथे आपल्या बायकांची गोची होते: लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, आईच्या पासपोर्टवर दुसरं, लेकीचं लग्नानंतरचं तिसरंच. तीन नावांची एक बाई आहे हे सिद्ध करायला वेळ लागतो. मुंबईतल्या कोरियन वाणिज्य दूतावासाची कागदांची यादी आजच बघा.

प्रश्न : वडील माळकरी आहेत. मुलाकडे सोलला पंधरा दिवसांसाठी चाललेत. एकादशी सोडत नाहीत. ते तिकडे उपाशी राहतील का?
— काळजीत, परळ

उत्तर : उपाशी राहणार नाहीत, पण फसतील. मांस दिसतं, ते टाळता येतं. मासळी दिसत नाही. किमचीत खारवलेली कोलंबी नाहीतर मासळीचा अर्क असतो, साध्या भाजीच्या सूपचं पाणीही वाळवलेल्या म्यॉल्छीचं असतं, आणि ही म्हणजे आपल्या मांदेलीची भावकी. मुगाचं धिरडं, बिनदेत्तॉक, सोलच्या क्वांगजांग बाजारात डोळ्यांदेखत जात्यावर मूग दळून करतात. बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यातही डुकराचा खिमा घालतात, तेव्हा विचारून घ्यावं. 'कोगी पे जुसेयो', मांस काढून द्या, एवढं म्हटलं तर समोरचा मांस काढतो, मासळी नाही. त्याच्या लेखी ते मांस नव्हेच. म्हणून मुलाला कोरियनमध्ये कागदावर सविस्तर लिहून द्यायला सांगा: मांस, मासळी, कोलंबी, त्यांचं पाणी, अंडं, काही नको. तो कागद वडिलांच्या खिशात.

बौद्ध मठांच्या पद्धतीच्या खाणावळी आहेत, तिथे मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्याला याहून काय हवं? फक्त महाग असतात, रोजची गोष्ट नाही. रोज घरचा डबा. एकादशीला थंडीत रस्त्यावर भाजलेली रताळी आणि चेस्टनट मिळतात, फळं आहेत, दूध आहे. साबुदाणा आणि भगर इथून न्या.

प्रश्न : मी सोलमध्ये शिकतो, वनरूममध्ये राहतो. डोंबिवलीचे मावसभाऊ, वहिनी आणि त्यांच्या तीन मुली दहा दिवसांसाठी येताहेत. मुली कोरियन मालिकांच्या वेड्या आहेत. भाऊ म्हणतात, "हॉटेल कशाला, आपण चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं झोपायचो." नाही कसं म्हणू?
— एक खोली, सोल

उत्तर : चाळीत अकरा माणसं खोलीत झोपायची नाहीत. चार खोलीत, तीन गॅलरीत, दोन गच्चीवर आणि दोन रात्रपाळीला, असा तो हिशोब होता. मी सांगते, मी त्या अकरांतली आहे. तुझ्या वनरूमला गॅलरी नाही, गच्चीला कुलूप आहे, आणि करारात बहुधा एकाच माणसाचं नाव आहे.

भावाशी वाद घालू नकोस, वहिनींना फोन कर. त्यांना त्या खोलीचा व्हिडिओ पाठव: अंथरुणातून हात लांबवला की गॅस, गॅसपासून दोन पावलांवर न्हाणी, न्हाणीच्या दाराला दुधी काच. तीन मुलींच्या आईला पुढचं बोलावं लागत नाही. लगेच जवळच्या गेस्टहाउसच्या दोन खोल्यांचे दर त्याच मेसेजमध्ये टाक, म्हणजे 'नाही' एकटं जाणार नाही. एक रात्र जेवायला घरी बोलाव. सहा जण मांडी घालून बसतील एवढी जागा होते, झोपायला होत नाही. पिठलं-भात कर, तो चिकट तांदूळ आपल्या मऊभातासारखा लागतो, पिठल्याशी छान जमतो.

मुलींना हानबोक, म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख, भाड्याने घेऊन दे. तो घातला की क्यॉंगबोकगुंग राजवाड्यात तिकीट लागत नाही, त्यामुळे भावाला भाड्याचं दुःख कमी होईल. दुकानातून निघताना परत करायची वेळ विचारून घे, मुली फोटो काढताना घड्याळ बघत नाहीत आणि उशिराचे जादा पैसे घेतात. आणि मंगळवारी नेऊ नकोस, त्या दिवशी राजवाडा बंद असतो.